गार्डन ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल गळतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगतो, हे सगळं बसून चालवायच्या छोट्या गवत कापायच्या ट्रॅक्टरबद्दल आहे, ज्याला एक सिलिंडरचं नाहीतर व्ही-ट्विन (व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेलं) एअर कूल्ड पेट्रोल इंजिन असतं. शेतातल्या डिझेल ट्रॅक्टरला यातलं निम्मं लागू होईल, निम्मं नाही. मी काही शिकलेला मेकॅनिक नाही, पण माझं इंजिन तीनदा खाली उतरवलंय आणि त्यातलं दोनदा उगाच उतरवलंय, त्यातल्या एका वेळची गोष्ट खाली येईलच.

जमिनीवर ऑइलचा डाग पडलाय, पण ते इंजिनचंच आहे हे कशावरून?

रंगावरून ठरवू नका. बऱ्याच ट्रॅक्टरला मागे हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चाकं फिरवणारा) गिअरबॉक्स असतो आणि त्यातल्या कितीतरी गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच भरलेलं असतं, त्यामुळे बोटावर घेऊन बघितलं तरी फरक कळेलच असं नाही. त्यापेक्षा रात्री ट्रॅक्टर सपाट जागी लावा, खाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चाकं कुठे आहेत ते पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग मागच्या एक्सलखाली असेल तर गिअरबॉक्स, पुढे असेल तर इंजिन. डाग पातळ असेल, लगेच उडून जात असेल आणि वास येत असेल तर ते पेट्रोल आहे, मग बाकी सगळं सोडून आधी ते बंद करा. अजून एक, मधे कटिंग डेक म्हणजे गवत कापायच्या ब्लेडवरचं झाकण असतं, थेंब त्याच्यावर पडतो आणि भलतीकडून खाली येतो, म्हणून डेकच्या वरच्या बाजूलाही टॉर्च मारून बघा.

दिवसाला दोन-चार थेंबच पडतात, चालवत राहिलं तर काय बिघडतं?

बंद इंजिनातून दोन-चार थेंब म्हणजे चालू इंजिनातून किती, हे तुम्हाला माहीत नसतं, तिथेच गडबड होते. गरम झालं की ऑइल पातळ होतं आणि गवत कापताना तासभर जे गळतं ते गवतातच पडतं, कुणाला दिसत नाही. या इंजिनात ऑइलच मुळात दीड ते दोन लिटरच्या आसपास असतं, त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी खूप झालं. बऱ्याच इंजिनांना ऑइल कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर नसतो, आणि प्रेशरचा दिवा असला तरी तो प्रेशर पडल्यावर लागतो, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडणारा दांडा) क्रँकला म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टला चिकटला की तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, मग गळती शोधायची गरजच उरत नाही, सगळं ऑइल एकदमच खाली.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. ऑइलवर गवताचा चुरा आणि धूळ बसते, सिलिंडरच्या पंख्यांमध्ये म्हणजे फिन्समध्ये त्याचा थर जमतो, वारा लागत नाही, इंजिन तापतं, तापलं की हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरचं हेड यांच्या मधली सीलबंद करणारी पट्टी) जातं आणि गळती अजून वाढते. तिसरं म्हणजे सायलेन्सर, त्यावर ऑइल आणि सुकं गवत दोन्ही असेल तर पेटायला वेळ लागत नाही.

गॅस्केटच्या कडेला नुसती ओल असेल, थेंब धरत नसेल, तर दर वेळी चालू करायच्या आधी डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) बघून सीझन काढता येतो. मीही काढलाय.

गळती नेमकी कुठून आहे हे शोधायचं कसं?

आधी धुवा. हे वाक्य मी पहिल्या वेळी कुणाकडून तरी ऐकलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. ऑइल इंजिनच्या सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकत होतं, शाफ्टच्या बाजूने, म्हणून मी ठरवून टाकलं की खालचं ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी) गेलं. इंजिन उतरवलं, सील बदललं, परत बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर तेवढाच डाग. निघालं काय तर डिपस्टिकच्या नळीच्या बुडाशी जी ओ-रिंग म्हणजे गोल रबरी रिंग असते ती कडक होऊन चिरली होती, तिथून ऑइल ब्लॉकवरून खाली उतरून सीलच्या कडेला जमत होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

ऑइल वरून खाली वाहतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण या इंजिनांना फ्लायव्हीलचा (शाफ्टवरच्या जड चाकाचा) पंखा असतो आणि तो ऑइल वाऱ्याबरोबर आडवं पण नेतो, हे लक्षात येत नाही. त्यामुळे सगळं इंजिन काळं आणि चिकट झालेलं असताना नुसतं बघून काहीही कळत नाही.

तर असं करा. इंजिन पूर्ण थंड असू दे. चावी काढा, प्लगची वायर काढून बाजूला ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बॉनेट आणि जमलं तर पंख्याचं कव्हर पण काढा, कारण त्याच्या आत उंदराचं घर, गवत, ऑइल सगळं एकत्र सापडतं. डिग्रीझर मारा, पंधरा मिनिटं थांबा, ब्रशने घासा, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाणी कार्बोरेटरमध्ये, वायरच्या कनेक्टरमध्ये आणि सीलच्या लिपमधून म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेतून आत जातं. नीट वाळू द्या. मग जिथे जिथे जोड आहे तिथे टाल्कम पावडर भुरभुरवा, किंवा पायाला मारायचा पावडर स्प्रे असतो तो मारा, तो जास्त बरा, एकसारखा बसतो. पंख्याचं कव्हर परत लावा, त्याच्याशिवाय इंजिनला वारा मिळत नाही. सोडलेल्या वायरी जोडा आणि मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटं चालवा, बंद शेडमध्ये अजिबात नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला आडवं करतो. इंजिन बंद करून टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइल लगेच गडद रेघ काढतं. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, खालच्या सगळ्या जागा तिच्यामुळे ओल्या झालेल्या असू शकतात.

पाच मिनिटांत काही नाही दिसलं तर परत पावडर मारून अर्धा तास काम करून या, काही गळत्या इंजिन तापल्यावरच सुरू होतात आणि काही लोड आल्यावर.

यूव्ही डाय वापरला तर?

चांगला आहे. ऑइलमध्ये टाकायचा, थोडं चालवायचं आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, हिरवट पिवळं चमकतं. इंजिन उतरवल्याशिवाय जिथे नजर पोचत नाही तिथे आरशाचा तुकडा धरून बघता येतं. पण त्याच्या आधीही धुवावंच लागतं, आणि पावडरने काम होत असेल तर मी डायच्या नादी लागत नाही.

कालच ऑइल बदललं आणि आजपासून गळतंय, हे कसं?

ही खरं तर आनंदाची बातमी आहे, कारण तीनच शक्यता असतात. एक, ऑइल जास्त भरलं गेलं. जास्त ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडायची वाट, पुढे सविस्तर येईल) एअर फिल्टरमध्ये येतं. डिपस्टिक कशी वाचायची ते मॅन्युअलात बघा, काहींची आट्यांनी फिरवून बसवून वाचायची असते तर काहींची नुसती टेकवून, आणि यात चूक झाली तर बरंच ऑइल जास्त पडतं.

दोन, फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते आणि आपण तिच्यावर नवा फिल्टर नव्या रिंगसकट चढवतो. दोन रिंगा एकमेकींवर धरत नाहीत, थोडं चालतं आणि मग भळभळ ऑइल. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकली की त्यापुढे हाताने अर्धा ते पाऊण फेरा, फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. पान्याने आवळू नका.

तीन, ड्रेन प्लग. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असतो, प्लग लोखंडाचा, जोर लावला की आटे जातात. वॉशर असेल तर नवीन टाका. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल म्हणजे तारेचे नवे आटे बसवता येतात, एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका, पुढच्या ऑइल बदलीला तुम्हीच रडाल. काही ट्रॅक्टरना ड्रेनला प्लास्टिकचा पिळून उघडायचा व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आतली ओ-रिंग पण बघा.

डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय आणि गळतंय पण. असं कसं शक्य आहे?

डिपस्टिक नाकाला लावा. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई बसत नाहीये आणि टाकीतलं पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून क्रँककेसमध्ये म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या खालच्या पोकळीत उतरतंय. ऑइल पातळ होतं, लेव्हल वर जाते, आणि हे पातळ मिश्रण प्रत्येक सीलमधून वाट काढतं. वंगण राहत नाही आणि क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते, ते वेगळंच. सुई आणि सीट बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि टाकीच्या पाइपवर हाताने बंद करायचा कॉक नसेल तर बसवून घ्या. अशा वेळी सील बदलायची घाई नको, पेट्रोलचं काम झाल्यावर कितीतरी वेळा गळती आपोआप थांबते.

ब्रीदर ब्रीदर सगळे म्हणतात, त्याचा गळतीशी काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध त्याचाच आहे आणि सगळ्यात कमी लोक तो बघतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली हवा दाबली जाते. ही हवा बाहेर सोडायला ब्रीदर असतो, त्यात एक पातळ पत्ती किंवा फायबरची चकती असते जी हवा बाहेर जाऊ देते पण आत येऊ देत नाही. पिस्टन वर गेला की पत्ती बंद. त्यामुळे चालू इंजिनाच्या क्रँककेसमध्ये कायम थोडी ओढ म्हणजे व्हॅक्यूम असतो, आणि या ओढीमुळेच जुनी गॅस्केट आणि सील सुद्धा ऑइल धरून ठेवतात. पत्ती अडकली, तुटली, तिच्यात कचरा बसला की ओढीचा दाब होतो, मग तुम्ही जगातलं उत्तम सील बसवलं तरी ऑइल त्याच्या बाजूने बाहेर येणार. एक जागा बंद केली की दुसरी फुटते. "मागच्या महिन्यात व्हॉल्व्ह कव्हर केलं, आता खालून गळतंय" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ब्रीदरबद्दल असतो.

घरगुती तपासणी अशी. इंजिन गरम करा, चालू ठेवून डिपस्टिक काढा आणि नळीच्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा, सायलेन्सर आणि फिरत्या भागांपासून हात लांब ठेवून. मोजा आत ओढला जात असेल तर ठीक. फुग्यासारखा फुगत असेल तर दाब आहे. नुसता थोडा थरथरत असेल तर घाबरू नका, एका सिलिंडरच्या इंजिनात तेवढं चालतं.

नीट मोजायचं असेल तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरा आणि एक टोक रबरी बुचातून डिपस्टिकच्या नळीत घट्ट बसवा. कोहलरच्या कमांड इंजिनांच्या सर्व्हिस मॅन्युअलात किमान ४ इंच पाण्याची ओढ हवी असं दिलंय, म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक, आणि इंजिनकडच्या बाजूचं पाणी वर. इंजिन चालू करताना आणि बंद करताना नळी चिमट्याने दाबून धरा, नाहीतर ते पाणी इंजिनात जाईल.

ब्रीदर कुठे असतो? बहुतेक इंजिनात एक पाइप एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो, तो उलटा शोधत गेलात की सापडतो, कधी सिलिंडरच्या बाजूला झाकणाखाली, कधी व्हॉल्व्ह कव्हरच्या आत, व्ही-ट्विनमध्ये दोन सिलिंडरच्या मधे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या जुन्या इंजिनात फायबरची चकती असते, तिच्या फटीत ०.०४५ इंच म्हणजे साधारण १.१ मिमी जाडीची तार जोर न लावता गेली तर ब्रीदर बदलायचा. पत्तीवाल्यात पत्ती सपाट बसते का, चिरलीय का, ऑइल परत आत जायचं बारीक भोक बुजलंय का ते बघा. आणि एअर फिल्टरचा डबा ऑइलने ओला असेल तर तुमचा प्रश्न बहुतेक इथेच आहे.

डिपस्टिकचं झाकण सैल असेल तर त्यातून हवा आत शिरते आणि ओढ राहत नाही, म्हणून ती रबरी रिंग पण बघा.

ब्रीदर चांगला आहे तरी क्रँककेसमध्ये दाब आहे. आता?

आता दोनच मोठे संशयित, पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्या मधे हेड गॅस्केटची एक अरुंद पट्टी असते. तिथे गॅस्केट फुटलं तर स्फोटाचा दाब सरळ क्रँककेसमध्ये जातो. बाहेरून हेडजवळ काहीच दिसत नाही, पण निळा धूर, ऑइलने ओला प्लग, ब्रीदरमधून ऑइल आणि चहूकडून गळती, असं सगळं एकदम सुरू होतं. बरेच जण याला रिंगा गेल्या म्हणून इंजिन भंगारात काढतात आणि खरं काम एका गॅस्केटचं असतं.

कंप्रेशन गेजवर विश्वास ठेवू नका, कारण सुरू करताना सोपं जावं म्हणून या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर कंप्रेशन कमी करणारी सोय असते, चांगल्या इंजिनाचं रीडिंग पण कमी येतं. लीक-डाउन टेस्ट करा. पिस्टन कंप्रेशन स्ट्रोकला वरच्या टोकाला आणा, क्रँक घट्ट धरा (हवा सोडली की तो जोरात फिरू शकतो, ब्लेडपाशी कुणाचा हात नको), प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान द्या. सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून म्हणजे इनटेक, डिपस्टिकच्या नळीतून म्हणजे रिंगा किंवा गॅस्केट. त्या दोघांतलं कोण हे हेड उघडल्यावर कळतं, फुटलेल्या जागी काळी जळकी रेघ असते.

हेड काढलंच तर ते सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) बघा, ०.०७५ मिमीच्या आसपासपेक्षा जास्त वाक असेल तर घासून घ्यावं लागतं. पुशरॉड जिथले तिथेच परत जायला हवेत, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. बोल्ट मॅन्युअलातल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. मग व्हॉल्व्हचा गॅप सेट करा, तो विसरलात तर इंजिन चालू व्हायला त्रास देतं आणि लोकांना वाटतं स्टार्टर गेला.

व्हॉल्व्ह कव्हर गळतंय, हे मी स्वतः करू शकतो का?

नक्की, सुरुवात करायची असेल तर यानेच करा. चार बोल्ट असतात. पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टची भोकं आवळून आवळून आत वाकलेली असतात, कव्हर सपाट लाकडावर उलटं ठेवून हातोडीने हळू ठोकून सरळ करा, हे न करता नवीन गॅस्केट टाकलं तर महिनाभरात परत गळतं. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पटाशीने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि ऑइलला तोच रस्ता होतो. ग्राइंडरची घासायची चकती तर नकोच, तिची पूड इंजिनात जाते.

काही इंजिनांना गॅस्केटऐवजी आरटीव्ही सिलिकॉनच (हवेत सुकून रबरासारखं होणारं) लावायचं असतं. मग दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरड्या करा, बारीक सलग रेघ काढा, बोल्टच्या भोकाभोवती फिरवा, आणि डबा हातात आहे म्हणून थापू नका, आत ओघळलेला तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकतो. बोल्ट आवळून चोवीस तास हात लावू नका.

खालचं ऑइल सील इंजिन न उघडता बदलता येतं का?

उभ्या शाफ्टच्या इंजिनात येतं. ऑइल आधी पूर्ण काढा, कारण सील निघालं की उरलेलं सगळं तुमच्या बाहीत येतं, मला अनुभव आहे. ट्रॅक्टर नुसता जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोडी म्हणजे जॅक स्टँड लावा. मग ब्लेडचा इलेक्ट्रिक क्लच आणि पुली काढायची, तिथे बहुतेक वेळ जातो, गंजलेली असते. बोल्ट सोडताना क्रँक फिरत असेल तर प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडून पिस्टन अडवायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना आणि दोरीचं टोक बाहेर ठेवून.

पुली निघाल्यावर एक काम, जे बहुतेक जण करत नाहीत: शाफ्ट हाताने धरून आडवी हलवून बघा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजलंय, आणि हलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही. आधी हे कळलेलं बरं.

शाफ्टवरचा गंज बारीक एमरी पेपरने काढा. जुन्या सीलच्या पत्र्यात दोन बारीक भोकं पाडून स्क्रू अर्धे फिरवा आणि पकडीने ओढा, शाफ्टला ओरखडा येऊ देऊ नका. ड्रिल खोल गेलं तर संपलं, म्हणून ड्रिलला टेप गुंडाळून मर्यादा ठरवून घ्या. नवीन सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, ऑइलकडे. शाफ्टवर पुली अडकवायची लोखंडी चावी (की) बसते त्या खाचेवर टेप लावा म्हणजे लिप फाटणार नाही, लिपला ऑइल लावा, आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकत बसवा. शाफ्टवर जुन्या लिपने खाच पाडलेली असेल तर नवीन सील एक-दीड मिलिमीटर मागेपुढे बसवा, म्हणजे लिप ताज्या जागेवर येते, फक्त आतलं ऑइलचं भोक झाकलं जात नाही ना ते बघा.

आणि वरचं सील?

ते फ्लायव्हीलच्या खाली असतं. नट काढायचा आणि पुलरने फ्लायव्हील ओढायचं, कडेला हातोडी मारली तर ते चिरतं किंवा आतले मॅग्नेट सुटतात. बसवताना फ्लायव्हील अडकवणारी शाफ्टवरची चावी सरळ आहे का ते बघा आणि इग्निशन कॉइलचा गॅप परत लावा, बऱ्याच इंजिनांना ०.२५ मिमीच्या आसपास असतो, पक्का आकडा तुमच्या मॉडेलचा घ्या. बाकी तसंच.

संपचं (इंजिनच्या तळाचा, ऑइल साठवणारा भाग) गॅस्केट गेलंय असं मेकॅनिक म्हणतो. ते मोठं काम आहे का?

हो. इंजिन उतरवावं लागतं, उलटं करावं लागतं, सगळे बोल्ट सोडून खालचा अर्धा भाग ओढून काढावा लागतो. म्हणूनच म्हणतो, त्याने पावडर किंवा डायने ती जागा दाखवली का ते विचारा. संपचे बोल्ट नुसते सैल असतात असंही होतं, थंड इंजिनावर टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळून बघा, फुकटात सुटलं तर सुटलं. इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट पण बघा, ते सैल असले तर हादऱ्याने संपलाच चीर जाते आणि चिरेला गॅस्केट काय करणार.

उघडलंच तर शाफ्टचा गंज आणि कंगोरे आधी घासा, नाहीतर संप निघतानाच नवं-जुनं सगळं सील फाटतं. गॅस्केटची जाडी महत्त्वाची आहे. ब्रिग्जच्या जुन्या इंजिनांना ०.००५, ०.००९ आणि ०.०१५ इंच अशा जाड्यांची गॅस्केट येतात, कारण शाफ्टची वर-खाली हालचाल त्यावर ठरते. जाड टाकलं तर शाफ्ट जास्त हलते, पातळ टाकलं तर अडकते. बसवताना गव्हर्नरचं (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेचं) गिअर आणि कॅमच्या खुणा जुळल्यात का बघा, आणि संप बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका, आत काहीतरी आडवं आलंय.

बाहेरून सिलिकॉन थापलं तर? आणि ते स्टॉप-लीकचं औषध?

बाहेरून लावलेलं सिलिकॉन तेलकट जागेवर धरतच नाही, चार दिवसांनी साल निघावी तसं निघतं. वर पुढच्या माणसाला ते खरवडत बसावं लागतं, आणि तो पुढचा माणूस तुम्हीच असता. स्टॉप-लीक रबर फुगवतं, म्हणून कडक झालेल्या सीलची किरकोळ पाझर काही काळ थांबू शकते. फाटलेलं सील, कागदी गॅस्केट, ब्रीदर यांच्यावर त्याचा काही उपयोग नाही. जाड ऑइल टाकणं हा पण तसलाच उपाय, गळती थोडी मंदावते पण थंडीत सुरू व्हायला जड जातं. मॅन्युअलात एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० जे लिहिलंय तेच टाका.

ट्रॅक्टर तिरका करून खालून बघितलं तर चालेल का?

एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असाच, आणि पेट्रोल कमी करून, कॉक बंद करून. उलट बाजूला झुकवला तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये जातं, मग चालू केल्यावर पांढऱ्या धुराचा ढग निघतो आणि माणूस घाबरतो. सिलिंडर ऑइलने भरला असेल तर स्टार्टर एकदम अडकेल, तेव्हा जोर करू नका, प्लग काढून आधी ते बाहेर काढा.

बेल्ट आणि क्लचवर ऑइल पडलं, बदलायलाच लागेल?

बेल्ट साबणाच्या पाण्याने धुवून बघा, फुगलेला किंवा मऊ झालेला असेल तर बदला. पुलीच्या खाचा पुसा. क्लच ब्रेक क्लीनरने साफ होतो कधी कधी, नाही झाला तर ब्लेड घसरत राहतात. पण गळती थांबल्याशिवाय नवीन बेल्ट टाकू नका.

काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे किंवा गॅरेजमध्ये द्या. गटारात नाही, झाडाच्या मुळाशी नाही, आणि वाळवी मारायला तर अजिबात नाही, हा सल्ला देणारे काका प्रत्येक ठिकाणी असतात. तेलकट चिंध्या उन्हात गोळा करून ठेवू नका.

सगळं केलं, तरी पुठ्ठ्यावर थेंब दिसतोय. परत उघडू?

थांबा. वीस मिनिटं चालवून, थंड करून बोल्ट एकदा टॉर्क पान्याने बघा, परत पावडर मारा आणि लेव्हल लिहून ठेवा. लेव्हल हलत नसेल तर तो थेंब कदाचित जुनाच आहे. माझ्याकडे शेवटच्या दुरुस्तीनंतर आठवडाभर रोज एक थेंब पडायचा, मी परत पाना हातात घेतला होता, आणि तो निघाला फ्रेमच्या पोकळ पट्टीत साठलेल्या जुन्या ऑइलचा, इंजिनचा नव्हताच. पट्टीत चिंधी घालून पुसून काढलं, दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा.